डेटा सेंटरची कसोटी पुरवठादाराच्या दारात

यंत्रणा दुहेरी बसवली म्हणजे ती सुरक्षित झाली, असे आपण धरून चालतो. पण दोष एकाच साच्यातून आलेला असेल, तर दोन्ही बाजू एकाच दिवशी बंद पडतात. डेटा सेंटर उभारणीचा वेग वाढत असताना इमारतीइतकेच लक्ष तिला साहित्य पुरवणाऱ्यांच्या कार्यपद्धतीकडे द्यावे लागेल.

चेन्नईच्या ज्या भागाचे नाव इंग्रजांनी ‘ट्रिप्लिकेन’ करून टाकले, त्या तिरुवल्लिकेणीत पार्थसारथीचे प्राचीन मंदिर आहे, अर्काटच्या नवाबांच्या काळातील वालाजा मशीद आहे आणि नोकरीच्या शोधात गावाकडून आलेल्या तरुणांना खाट भाड्याने देणारी ‘मॅन्शन’ नावाची वसतिगृहे आहेत. याच भागात १९०४ साली ‘ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ स्थापन झाली. देशातील ग्राहक सहकाराची ही सर्वात जुन्या प्रयोगांपैकी एक गणली जाणारी संस्था. तिच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्यांत येथील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री होते. पुढे तेच पुण्याच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९१५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निधनानंतर समाजाचे अध्यक्ष झाले.

ग्राहक सहकाराची कल्पना मूळची इंग्लंडमधील रॉचडेलच्या विणकरांची, १८४४ सालची. पिठात भेसळ आणि मापात खोट हा तेथील गिरणी कामगारांचा रोजचा अनुभव होता. एकटा ग्राहक दुकानदाराला माप विचारू शकत नाही, शंभर ग्राहक एकत्र आले तर विचारू शकतात, एवढ्या साध्या जाणिवेवर ती चळवळ उभी राहिली. माल दुकानात येण्याआधीच त्याची खात्री करायची आणि ही खात्री सर्वांनी मिळून करायची, हे तिचे सूत्र होते.

एकशेवीस वर्षांनंतर तिरुवल्लिकेणीतील चहाच्या टपरीवर क्यूआर कोड चिकटवलेला दिसतो. चहाचे पंधरा रुपये कोणत्या इमारतीतील संगणकावरून फिरून आले, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. शहराच्या वायव्येला अंबत्तूर आणि दक्षिणेला सिरुसेरी येथे अशा इमारती एकापाठोपाठ एक उभ्या राहिल्या आहेत. समुद्राखालून सिंगापूर आणि युरोपकडे जाणाऱ्या केबल चेन्नईच्या किनाऱ्याला लागतात. त्यामुळे मुंबई-नवी मुंबईच्या खालोखाल चेन्नई हे देशातील मोठे डेटा सेंटर केंद्र ठरले आहे. या इमारतींत बसणारा माल कोण तपासतो आणि कोणत्या मापाने, हा या लेखाचा विषय आहे.

इमारतीला दर्जा आहे, मालाला काय?

डेटा सेंटर म्हणजे संगणकांनी भरलेले दालन, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात त्या दालनाभोवती विजेचा आणि थंडाव्याचा एक मोठा कारखाना असतो. बाहेरून येणारी उच्च दाबाची वीज, रोहित्रे, स्विचगिअर, डिझेल जनित्रे, यूपीएस, बॅटऱ्यांच्या रांगा, वीज वाहून नेणारे बसबार, चिलर, पंप, आगनियंत्रण आणि या सर्वांवर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर. यांतील प्रत्येक गोष्ट वेगळ्या पुरवठादाराकडून येते आणि त्या पुरवठादारालाही सुटे भाग देणारे आणखी पुरवठादार असतात.

इमारतीचा दर्जा ठरवणारी मानके पुष्कळ आहेत. अपटाइम इन्स्टिट्यूटची एक ते चार अशी ‘टिअर’ श्रेणी सर्वपरिचित आहे. टीआयए-९४२ हे अमेरिकी मानक २००५ पासून वापरात आहे. आयएसओ/आयईसी २२२३७ ही मालिका आंतरराष्ट्रीय पातळीवर आहे. चौथ्या श्रेणीशी सर्रास जोडला जाणारा ९९.९९५ टक्के उपलब्धतेचा आकडा म्हणजे वर्षभरात जेमतेम सव्वीस मिनिटांचा खंड. हे सर्व आराखड्याबद्दल बोलते: विजेचे मार्ग किती, यंत्रे किती जादा, एक मार्ग दुरुस्तीसाठी बंद केला तर दुसरा भार पेलतो का.

त्या मार्गावर बसवलेला ब्रेकर ज्या कारखान्यात तयार झाला, तेथे गेल्या सहा महिन्यांत सुट्या भागांचा स्रोत बदलला का, हे ही मानके विचारत नाहीत. मोठी कंपनी खरेदीपूर्वी आपला अभियंता कारखान्यात पाठवते, आपल्यासमोर चाचणी घ्यायला लावते, माल आल्यावर आणि बसवल्यावर पुन्हा चाचण्या करते आणि शेवटी बाहेरची वीज तोडून संपूर्ण इमारतीची एकत्रित परीक्षा घेते. ही पद्धत चांगली आहे. पण ती त्या दिवशी त्या यंत्राची परीक्षा असते. त्याच यंत्राची पुढची खेप कशी असेल, तीन वर्षांनी त्यातील सॉफ्टवेअर बदलले तर कोण कळवेल, दुसऱ्या ग्राहकाकडे तसेच यंत्र बिघडले तर त्याची माहिती कशी मिळेल, या प्रश्नांची उत्तरे अशा परीक्षेतून मिळत नाहीत. ती पुरवठादाराच्या रोजच्या कार्यपद्धतीत असतात आणि त्या कार्यपद्धतीचे मोजमाप म्हणजेच गुणवत्ता व्यवस्थापन मानक.

२४ फेब्रुवारी २०२१

हा भेद कागदी नाही, हे आपल्याकडे एकदा महागात पडून सिद्ध झाले आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी, डेरिव्हेटिव्ह्ज करारांच्या मासिक मुदतपूर्तीच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला आणि त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. मधल्या चार तासांत अनेक दलालांनी आणि गुंतवणूकदारांनी आपले सौदे मिळेल त्या भावाने दुसऱ्या बाजारात मोकळे केले.

पुढच्या महिन्यात बाजाराने जो खुलासा प्रसिद्ध केला, तो या विषयात रस असणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांच्यामध्ये दोन दूरसंचार कंपन्यांच्या अनेक जोडण्या होत्या. रस्त्यालगतच्या खोदकामाने आणि बांधकामाने त्या अस्थिर झाल्या. अशा प्रसंगी मुख्य केंद्रातील माहिती साठवणाऱ्या यंत्रणेने एकटीने काम चालू ठेवावे, अशी रचना बाजाराने मागितली होती. बाजाराच्या म्हणण्यानुसार, पुरवठादाराने त्या यंत्रणेत बसवलेले पर्यायी मार्गाचे तर्कसूत्र मागणीबरहुकूम नव्हते आणि तिची जुळणीही चुकीची झाली होती. परिणामी जोडण्या तुटताच साठवण यंत्रणाच प्रतिसाद देईनाशी झाली आणि जोखीम नियंत्रणाची व्यवस्था तिच्यासोबत गेली.

जोडण्या एकापेक्षा अधिक होत्या, केंद्रेही अधिक होती. आपत्तीच्या वेळी वापरायचे दूरचे केंद्र तर चेन्नईतच होते, पण त्या दिवशी व्यवहार तिकडे वळवले गेले नाहीत. दुहेरीपणाची सर्व अंगे कागदावर पूर्ण होती. कमी पडली ती एक गोष्ट: जे मागितले तेच दिले गेले आहे, याची पुरवठादाराच्या पातळीवरची शाश्वती. यानंतर सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची प्रणाली कोलमडली तर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करावी आणि पुढील पंचेचाळीस मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करावे, असे बंधन आले. ते आवश्यकच होते. मात्र ते बिघाड झाल्यानंतरचे बंधन आहे. बिघाड ज्या कारखान्यात किंवा ज्या संगणकप्रणालीच्या टेबलावर जन्मला, तिथपर्यंत ते पोहोचत नाही.

दुहेरीपणाचे गणित

यामागचे गणित समजून घेण्याजोगे आहे. उदाहरणादाखल समजा, एखादा यूपीएस वर्षभरात बंद पडण्याची शक्यता शंभरात एक आहे. तसेच दोन यूपीएस स्वतंत्रपणे बसवले, तर दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत एक होते. डेटा सेंटरची सारी विश्वासार्हता या गुणाकारावर उभी आहे. पण गुणाकार खरा ठरतो तो दोन्ही यंत्रांचे दोष एकमेकांपासून स्वतंत्र असले तरच. दोन्ही यूपीएस एकाच खेपेतील असतील, दोन्हींत एकाच पुरवठादाराचे कपॅसिटर असतील किंवा दोन्हींवर एकाच रात्री एकच सदोष फर्मवेअर चढवले असेल, तर दोष सामाईक होतो. दर दहा बिघाडांतील केवळ एक असा सामाईक असेल, तरी दहा हजारांत एक ही शक्यता जवळजवळ हजारात एक होऊन बसते. सुरक्षितता दहापटीने घटली आणि आराखड्यात मात्र एक रेघही बदलली नाही.

यंत्रांची संख्या वाढवून हा तोटा भरून निघत नाही. तिसरा यूपीएस त्याच खेपेतून आला तर तोही त्याच दिवशी दगा देईल. सामाईक दोषावर उपाय दोनच: वेगवेगळ्या स्रोतांतून माल घेणे आणि स्रोतावरच दोष रोखणे. पहिल्या उपायाला बाजाराची मर्यादा आहे. मोठ्या क्षमतेच्या यंत्रांचे निर्माते जगातच मोजके आहेत आणि निर्माते वेगळे असले तरी त्यांना सुटे भाग देणारा एकच असू शकतो. म्हणून दुसरा उपाय टाळता येत नाही.

दक्षिण कोरियाने याची किंमत दोनदा मोजली. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी पांग्यो येथील डेटा सेंटरमध्ये बॅटरी कक्षातून आग लागली आणि देशातील जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये असलेली काकाओटॉक सेवा कोलमडली. ती पूर्ववत व्हायला पाच दिवस लागले आणि कंपनीच्या एका सहमुख्याधिकाऱ्याने राजीनामा दिला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्या दुसरीकडे हलवण्याचे काम सुरू असताना आग लागली. सातशेच्या आसपास शासकीय प्रणाली बंद झाल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली साठवणारी, ८५८ टेराबाइट माहिती असलेली प्रणाली जळून गेली आणि तिची बाहेर प्रत नव्हती. त्या बॅटऱ्या २०१४ च्या होत्या. त्यांची दहा वर्षांची हमी संपलेली होती. येथे निर्मात्याच्या दर्जापेक्षाही हाताळणारे कंत्राटदार आणि आयुष्य संपलेला माल बदलण्याची शिस्त हे प्रश्न पुढे आले. पुरवठादार हा शब्द त्यामुळे व्यापक अर्थाने घ्यायला हवा: बनवणारा, वाहून आणणारा, बसवणारा, देखभाल करणारा आणि अखेरीस काढून नेणारा.

दूरसंचार आणि मोटार उद्योगाची वाट

असा प्रश्न पडणारा डेटा सेंटर हा पहिला उद्योग नाही. अमेरिकेत १९८४ मध्ये बेल दूरध्वनी व्यवस्थेचे विभाजन झाल्यानंतर प्रत्येक प्रादेशिक कंपनी स्विच आणि केबल बनवणाऱ्यांना आपापल्या अटी घालू लागली. एकच कारखाना पाच ग्राहकांचे पाच प्रकारचे लेखापरीक्षण सोसत होता आणि कोणत्याही ग्राहकाला संपूर्ण चित्र दिसत नव्हते. १९९६ च्या सुमारास काही दूरध्वनी कंपन्या एकत्र आल्या. १९९८ मध्ये त्यातून ‘क्वेस्ट फोरम’ ही संस्था उभी राहिली आणि पुढच्या वर्षी टीएल ९००० हे मानक आले. त्याचा पाया आयएसओ ९००१ चाच होता. भर होती ती समान मोजमापांची: माल वेळेवर किती पोहोचला, किती परत आला, किती तक्रारी आल्या, त्या किती दिवसांत मिटल्या, यंत्रणा किती वेळ बंद राहिली. हे आकडे टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील शाखेसारख्या त्रयस्थ संस्थेकडे जमा होत. नावे झाकून सरासरी आणि सर्वोत्तम पातळी सर्वांना कळवली जाई. आपण रांगेत कुठे उभे आहोत, हे पुरवठादाराला दरवेळी दिसू लागले. ‘क्वेस्ट फोरम’ पुढे ज्या टेलिकम्युनिकेशन्स इंडस्ट्री असोसिएशनमध्ये विलीन झाला, तिनेच आता डेटा सेंटरच्या पायाभूत साहित्य पुरवठादारांसाठी असे मानक तयार करण्याचे काम हाती घेतले आहे.

दुसरे उदाहरण चेन्नईच्या अंगणातले आहे. क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी १९९४ मध्ये क्यूएस-९००० ही पुरवठादारांसाठीची सामाईक अट आणली. आज तिची जागा आयएटीएफ १६९४९ ने घेतली आहे. त्याच दशकात फोर्ड मरैमलै नगरला आणि ह्युंदाई इरुंगट्टुकोट्टैला आली, तेव्हा पाडी आणि अंबत्तूरच्या सुट्या भागांच्या कारखान्यांना ही शिस्त शिकण्यावाचून पर्याय राहिला नाही. पाडी येथील सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाने १९९८ मध्ये जपानचे डेमिंग पारितोषिक मिळवले. ते मिळवणारी ती पहिली भारतीय कंपनी. या शिस्तीचा गाभा एका अटीत सांगता येतो. एकदा मंजूर झालेल्या भागाचा कच्चा माल, साचा, यंत्र किंवा कारखान्याची जागा यांपैकी काहीही बदलायचे असेल, तर आधी ग्राहकाची मंजुरी घ्यायची. पुणे, चाकण आणि भोसरीच्या लघुउद्योजकांना ही अट चांगलीच परिचयाची आहे. तिने त्यांना त्रास दिला आणि तिनेच त्यांना जगाच्या बाजारात नेले.

आज अंबत्तूरमध्ये जुने कारखाने आणि नवी डेटा सेंटरे जवळजवळ शेजारी उभी आहेत. मोटारीच्या ब्रेकला जी शिस्त लागू आहे, ती शेजारच्या इमारतीतील विजेच्या ब्रेकरला त्याच काटेकोरपणे लागू नाही, ही विसंगती तेथे डोळ्यांना दिसते.

मानकात काय असावे

भारताच्या संदर्भात अशा मानकात किमान पाच गोष्टी असायला हव्यात.

पहिली, बदलाची पूर्वसूचना. सुट्या भागाचा स्रोत, उत्पादनाची जागा किंवा फर्मवेअर बदलण्यापूर्वी ग्राहकाला कळवणे आणि जोखमीच्या भागांसाठी मंजुरी घेणे.

दुसरी, खेपेचा माग. एखाद्या शहरात एक ब्रेकर वितळला, तर त्याच खेपेतील उरलेले ब्रेकर देशात कोठे बसले आहेत, हे काही तासांत सांगता आले पाहिजे. औषधांच्या बाबतीत खेप क्रमांकावरून माल परत बोलावता येतो. येथेही येऊ शकतो.

तिसरी, उपकंत्राटदार आणि सॉफ्टवेअर यांचा समावेश. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका पुरवठादारावर सायबर हल्ला झाला आणि सुमारे तीनशे सहकारी व ग्रामीण बँकांचे किरकोळ देयक व्यवहार तात्पुरते तोडावे लागले. तो प्रश्न विजेच्या यंत्राचा नव्हता. पण एका पुरवठादाराच्या दारातील फट किती घरांत उघडते, हे त्यातून दिसले. सहकारी बँकांचे जाळे असलेल्या महाराष्ट्राला याची आठवण करून देण्याची गरज नसावी.

चौथी, स्थानिक हवामान. संगणक दालनासाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस ही शिफारस जगभर मानली जाते, पण बाहेर बसणाऱ्या यंत्रांना चेन्नईचा मे महिना आणि खारा वारा सोसायचा असतो. शिवाय सांडपाण्याने भरलेल्या कूवम किंवा मिठीसारख्या नदीतून निघणारा गंधकयुक्त वायू विद्युत मंडलावरील तांबे आणि चांदी हळूहळू खातो. डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नईच्या अनेक इमारतींत तळमजल्यावरची जनित्रे नेमकी हवी तेव्हा पाण्याखाली होती. थंड प्रदेशासाठी लिहिलेला चाचणीचा तक्ता येथे जसाच्या तसा पुरत नाही.

पाचवी आणि सर्वात महत्त्वाची, सामाईक आकडेवारी. अपटाइम इन्स्टिट्यूटची वार्षिक पाहणी सांगते की गंभीर बिघाडांचे सर्वात मोठे कारण वीजपुरवठ्याची साखळी हेच आहे. पण भारतात कोणत्या प्रकारचे यंत्र किती वेळा बिघडते, याची सार्वजनिक नोंद नाही. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळवणे बंधनकारक आहे. सेबी आणि रिझर्व्ह बँक आपापल्या क्षेत्रांपुरती विचारपूस करतात. बॅटरी का फुगली किंवा चिलर का थांबला, हे ज्ञान मात्र त्या त्या कंपनीच्या फायलीत आणि गोपनीयतेच्या करारात बंद राहते. विमान अपघाताचा अहवाल शेवटी सर्वांच्या कामी येतो. डेटा सेंटरमधील प्रत्येक बिघाडातून शिकायला मिळते ते फक्त त्याच्या मालकाला.

आक्षेप आणि त्यांचे वजन

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिला, हा नव्या रूपातील परवानाराज ठरेल. अनुभव या भीतीच्या बाजूने आहे. गेल्या काही वर्षांत केंद्राने एकामागून एक गुणवत्ता नियंत्रण आदेश काढले. कच्च्या मालावरच्या आदेशांनी आयात अडली, लहान उत्पादकांचा खर्च वाढला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पॉलिमर व कृत्रिम धाग्यांशी संबंधित अनेक आदेश सरकारला मागे घ्यावे लागले. त्यातून घ्यायचा धडा असा की वस्तूवर सरकारी शिक्का मारण्याची सक्ती आणि पुरवठादाराच्या कार्यपद्धतीबाबत खरेदीदारांनी घातलेली सामाईक अट या वेगळ्या गोष्टी आहेत. टीएल ९००० किंवा आयएटीएफ १६९४९ कोणत्याही सरकारने सक्तीचे केले नाही. खरेदीदारांनी ते मागितले, म्हणून ते टिकले.

दुसरा आक्षेप, प्रमाणपत्रे विकत मिळतात. आयएसओ ९००१ चा कागद आठवडाभरात हातात ठेवणारे सल्लागार कोणत्याही औद्योगिक वसाहतीत सापडतात. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अधिमान्यता मंडळाची मान्यता नसलेल्या संस्थांचे कागदही निविदांत खपून जातात. म्हणूनच आकडेवारीचा आग्रह आहे. लेखापरीक्षक वर्षातून दोन दिवस येतो. परत आलेल्या मालाचा आकडा दर महिन्याला येतो. कागद सजवता येतो, पण ग्राहकाने नोंदवलेला परताव्याचा दर पुरवठादाराला एकट्याने सजवता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वात जवळचा आहे. नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये पॅनेल आणि स्विचगिअरचे काम करणारा, किंवा अंबत्तूरमध्ये पत्र्याचे रॅक वाकवणारा पंचवीस कामगारांचा कारखानदार हा खर्च कसा सोसणार? गुगल, मायक्रोसॉफ्ट किंवा ॲमेझॉन यांच्याकडे स्वतःचे तपशील आणि स्वतःचे तपासनीस आहेत. सामाईक मानक नसल्याने त्यांचे फारसे अडत नाही. अडते ते दोघांचे. एक, प्रत्येक ग्राहकाचे वेगळे लेखापरीक्षण सोसणाऱ्या लहान पुरवठादाराचे. आणि दोन, तपासनीस नेमण्याची ऐपत नसलेल्या सहकारी बँकेचे, जिल्हा रुग्णालयाचे किंवा राज्य सरकारच्या डेटा सेंटरचे. एकच मानक आणि एकच लेखापरीक्षण सर्वांनी मान्य केले, तर लहान कारखानदाराचा खर्च कमी होऊ शकतो. अट एवढीच की पायऱ्या ठेवाव्या लागतील. केंद्राच्या ‘झेड’ योजनेत कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा पायऱ्या आहेत आणि प्रमाणीकरणाच्या खर्चात सूक्ष्म उद्योगांना ८०, लघुउद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान आहे. डेटा सेंटर पुरवठादारांचा स्वतंत्र विभाग त्यात जोडणे अवघड नाही. पायऱ्यांशिवाय आलेले मानक मात्र आयात यंत्रांच्या विक्रेत्यांना मोकळे रान देईल आणि देशी लघुउद्योग दारातच अडेल.

कोणी काय करावे

ऑक्टोबर २०२२ मध्ये किमान पाच मेगावॉट क्षमतेच्या डेटा सेंटरना केंद्राने पायाभूत सुविधेचा दर्जा दिला. त्यामुळे त्यांना स्वस्त आणि दीर्घ मुदतीचे कर्ज मिळणे सुकर झाले. तमिळनाडूने २०२१ मध्ये स्वतंत्र डेटा सेंटर धोरण आणले; महाराष्ट्रानेही आपल्या माहिती तंत्रज्ञान धोरणातून या उद्योगाला सवलती देऊ केल्या आहेत. या धोरणांची भाषा जमीन, वीज आणि मुद्रांक शुल्क यांची आहे. ती गुंतवणूक आणण्यासाठी आवश्यक होती. आता गुंतवणूक आली आहे आणि पुढचा प्रश्न टिकाऊपणाचा आहे.

केंद्राने येथे खरेदीदार म्हणून वागावे, निरीक्षक म्हणून नव्हे. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र, सार्वजनिक बँका, शेअर बाजार आणि देयक व्यवस्था चालवणाऱ्या संस्था हे सारे मोठे ग्राहक आहेत. त्यांनी निविदांमध्ये एकच सामाईक अट घातली, तर कायदा करण्याची गरज उरणार नाही. भारतीय मानक ब्युरोने आंतरराष्ट्रीय मसुद्याच्या चर्चेत आताच बसावे. हवामान आणि लघुउद्योगाच्या पायऱ्या हे आपले दोन मुद्दे मसुदा पक्का झाल्यावर त्यात घुसवता येणार नाहीत. बिघाडांची नावे झाकलेली आकडेवारी सांभाळण्याचे काम एखाद्या विद्यापीठाकडे किंवा आयआयटीकडे द्यावे. चेन्नई आणि मुंबई दोन्ही शहरांत त्या आहेत. आणि देशातील डेटा सेंटर क्षमतेचा मोठा हिस्सा सांभाळणाऱ्या महाराष्ट्र व तमिळनाडू या दोन राज्यांनी आपल्या सवलतींना एक अट जोडावी: जो सवलत घेईल, त्याने बिघाडांची नोंद या सामाईक खात्यात करावी. एवढ्यानेही सुरुवात होईल.

डेटा सेंटरचे मालक एकमेकांचे स्पर्धक आहेत आणि आपला बिघाड दुसऱ्याला कळावा असे कोणालाही वाटत नाही. ही खरी अडचण आहे आणि ती तांत्रिक नाही. दूरध्वनी कंपन्याही स्पर्धक होत्या, मोटार कंपन्याही होत्या. एकट्याने तपासण्याचा खर्च एकत्र तपासण्यापेक्षा अधिक पडतो, हे लक्षात आल्यावर त्या एका टेबलाशी बसल्या. तिरुवल्लिकेणीतील सहकारी भांडाराच्या संस्थापकांचा हिशेब याहून वेगळा नव्हता. आपल्या डेटा सेंटरच्या मालकांनी तो आपणहून मांडला तर उत्तम. नाही मांडला, तर पुढच्या मोठ्या बिघाडानंतर तो नियामक मांडतील आणि तेव्हा चर्चेला सवड कोणालाच मिळणार नाही.